फुलांच्या नावांची मंडळे : डच भाषेतील कविसंघांचा इतिहास

कवींच्या संस्थेत पदे किती असावीत? आपल्याकडे अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सात-आठ सदस्य एवढ्यावर भागते. पंधराव्या-सोळाव्या शतकात फ्लँडर्स आणि ब्राबांतच्या शहरांत, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या उत्तर भागात आणि त्याला लागून असलेल्या नेदरलँड्समध्ये, कविमंडळे एवढ्यावर समाधान मानत नसत. त्यांच्यात सर्वांत वर मानाचा ‘सम्राट’ असे. त्याच्याखाली ‘प्रिन्स’. हा बहुधा गावातला पैसेवाला गृहस्थ. व्यवहार पाहायला ‘डीन’, दंड वसूल करायला ‘फिस्कल’, मिरवणुकीत पुढे चालायला निशाणधारी, घरोघरी सभेचा निरोप द्यायला निरोप्या. खरे काम ज्याच्या गळ्यात पडे तो ‘फॅक्टर’, म्हणजे मंडळाचा अधिकृत कवी. नाटके त्याने लिहायची, भूमिका त्यानेच वाटायच्या, तालमीही त्यानेच घ्यायच्या. आणि शेवटचे पद विदूषकाचे. हे पद गंमत म्हणून कुणाला चिकटवलेले नव्हते. मंडळाचा विदूषक रीतसर नेमलेला असे, आणि मोठ्या स्पर्धांत विदूषकांचे कार्यक्रम वेगळे होत. आपल्या मंडळाच्या घटनेत ही तरतूद करावी असे अनेकदा मनात येते. सर्वसाधारण सभा वेळेत संपण्यास मदतच होईल.

या कवींना ‘रेडेरैकर’ म्हणत आणि त्यांच्या मंडळांना ‘कामर’. प्रत्येक मंडळाला बहुधा फुलाचे किंवा झाडाचे नाव, एक ब्रीदवाक्य आणि एक रंगवलेली ढाल. लिली, गुलाब, झेंडूच्या कुळातले गाउडब्लूम, ऑलिव्हची फांदी अशी ती नावे होती. १४०० ते १६५० या काळात एकट्या दक्षिणेकडच्या प्रांतांत दोनशेहून अधिक मंडळे होऊन गेली. कित्येक शहरांत दोन-दोन, तीन-तीन. अँटवर्पमध्ये तीन होती आणि तिन्हींचे एकमेकांशी फारसे पटत नसे, हे सांगायला नको.

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत परक्या मंडळांचा इतिहास कशाला, असे एखादा सभासद विचारील. कारण एकच. या मंडळांनी थोर कविता फार थोडी लिहिली, असे पुढच्या टीकाकारांचे मत पडले आणि ते बरेचसे खरेही आहे. पण त्यांच्या हातून एक भाषा उभी राहिली, तिचे व्याकरण छापले गेले, तिचे पहिले मोठे नाट्यगृह बांधले गेले, आणि वाटेत काही माणसांची डोकीही गेली. कवींची संस्था म्हणजे काय करणारी संस्था, या प्रश्नाचा एवढा मोठा दाखला मला दुसरीकडे सापडलेला नाही.

सुरुवात धार्मिक बंधुमंडळांतून झाली. मारियेच्या किंवा पवित्र आत्म्याच्या नावाने चालणारी, मृत सभासदासाठी प्रार्थना करणारी, सणाच्या मिरवणुकीत देखावे काढणारी ही मंडळे हळूहळू कवितेकडे आणि नाटकाकडे वळली. उत्तर फ्रान्समधील ‘प्वी’ नावाच्या काव्यसंस्थांचे वळण त्यांच्यासमोर होते. गेंट शहराच्या कारभाऱ्यांनी १४४८च्या डिसेंबरात ‘फोन्तेने’, म्हणजे कारंजे, या मंडळाची नियमावली मंजूर केली. ही नियमावली विणकरांच्या किंवा कसायांच्या गिल्डसारखीच आहे. वर्गणी, गैरहजेरीचा दंड, सभासदाच्या अंत्ययात्रेला जाण्याची सक्ती, सगळे आहे. शहर मंडळाला पैसे देई, जागा देई, सणावारी वाइन देई. मंडळाने त्या बदल्यात शहराची शोभा वाढवायची. राजपुत्राचे आगमन झाले, तह झाला, राजघराण्यात बाळ जन्मले की मंडळाने चौकात नाटक करायचे. सरकारी अनुदान आणि कवी यांचे नाते किती जुने आहे ते यावरून दिसते.

सभासद कोण होते हे पाहिले तर आणखी गंमत वाटते. ब्रुजचा अंथोनिस दे रोव्हेरे गवंडी होता. सतराव्या वर्षी त्याने काव्यस्पर्धा जिंकली आणि पुढे शहराने त्याला वर्षासन दिले, तेही पुढे बर्गंडीचा ड्यूक झालेल्या शार्ल द बोल्डच्या शिफारशीवरून. त्याच शहरातला कोर्नेलिस एव्हरार्ट कापड धुऊन घट्ट करण्याचे आणि रंगवण्याचे काम करी. त्याच्या हातची पस्तीस नाटके हस्तलिखितात उरली आहेत. अँटवर्पच्या ‘व्हिओलीरेन’ मंडळाची तर १४८०पासून चित्रकारांच्या सेंट ल्यूक गिल्डशीच सांगड होती, त्यामुळे ढाल रंगवायला माणूस शोधत बसावे लागत नसे. ब्रश, थापी आणि कापडाची कामे बाजूला ठेवून संध्याकाळी ही माणसे मंडळाच्या खोलीत जमत आणि यमके जुळवत.

त्यांचा आवडता रचनाप्रकार ‘रेफ्रेन’. यात प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ तीच असे आणि ती बहुधा स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाने आधीच ठरवून दिलेली असे. म्हणजे आपली समस्यापूर्तीच म्हणा. शेवटच्या कडव्याची सुरुवात ‘प्रिन्स’ला उद्देशून व्हायची, मंडळाच्या प्रमुखाला असा कवितेतच मुजरा ठोकला जाई. रेफ्रेनच्या तीन जाती मानत: शहाणपणाची, प्रेमाची आणि वेडगळपणाची. शेवटच्या जातीत अश्लील चालत असे आणि लोकांना तीच सर्वांत जास्त आवडे. शिवाय ‘गुडघ्यावरची कविता’ असा एक प्रकार होता. विषय आणि नियम जागेवर दिले जात, वेळ मोजून दिला जाई, आणि कवीने टेबलाची वाट न पाहता गुडघ्यावर कागद ठेवून रचना पुरी करायची.

औडेनार्डेचा मातैस दे कास्तलेन हा धर्मगुरू आणि नोटरी. शिवाय दोन मंडळांचा फॅक्टर. त्याने काव्यशास्त्रावर डच भाषेतला पहिला ग्रंथ लिहिला. तो १५५५ साली, त्याच्या मृत्यूनंतर, गेंटमध्ये छापला गेला. त्यात बुद्धिबळाच्या पटाची एक कविता आहे: चौसष्ट घरे, प्रत्येक घरात एक ओळ, आणि वेगवेगळ्या वाटांनी पट ओलांडला की अडतीस वेगवेगळ्या रचना हाती लागतात. हे वाचून कुणी म्हणेल की ही कविता नव्हे, कसरत आहे. असेल. पण आपल्याकडच्या पंडित कवींची चित्रबंधांची हौस आठवली की हसण्याचा हक्क जरा कमी होतो.

त्यांची नाटके मात्र फक्त कसरत नव्हती. ‘झिनेस्पेल’ नावाच्या या रूपकनाट्यांत लोभ, विवेक, संधी, फसवणूक अशी पात्रे माणसाभोवती फिरत. त्यांत दोन खट्याळ वाईट वृत्तींची जोडी हमखास असे. ती माणसाला खड्ड्यात ढकलताना आपसांत खिदळत बोले, आणि प्रेक्षक तिच्यासाठीच येत. मृत्यूने बोलावल्यावर कोण सोबत येते ते तपासणारे ‘एल्करलेक’ हे नाटक याच परंपरेतले. इंग्रजीतले प्रसिद्ध ‘एव्हरीमॅन’ हे त्याचेच रूपांतर, हे आता बहुतेक अभ्यासक मानतात.

स्त्रियांना या मंडळांत पूर्ण सभासदत्व जवळजवळ कुठेच नव्हते. आणि नेमकी या सगळ्या परंपरेतली सर्वांत धारदार लेखणी एका बाईची. आना बैन्स (१४९३–१५७५) अँटवर्पमध्ये लहान मुलांची शाळा चालवी. तिच्या रेफ्रेनचे पहिले पुस्तक १५२८ साली निघाले. ल्यूथर आणि त्याच्या मंडळींवर तिने असे कोरडे ओढले की कॅथलिक पाद्र्यांनी तिच्या कविता उचलून धरल्या. तिचे वैयक्तिक रेफ्रेनही आहेत, प्रेमभंगाचे, लग्न न करण्याच्या फायद्यांचे. मंडळाच्या दारापलीकडे राहून तिने मंडळाचाच प्रकार मंडळातल्या सगळ्यांपेक्षा चांगला हाताळला. पुरुष मंडळींनी या गोष्टीचे काय केले? बहुधा काहीच नाही.

या मंडळांची ओढ सर्वांत जास्त स्पर्धांकडे. धनुर्धारी गिल्डच्या नेमबाजी स्पर्धांवरून ती पद्धत आली. ब्राबांतमध्ये ‘लांडयुवेल’ नावाची सात स्पर्धांची मालिका असे. जिंकणाऱ्याला चांदीची पात्रे मिळत आणि पुढची स्पर्धा भरवण्याचा मान, म्हणजेच पुढच्या स्पर्धेचा खर्च, गळ्यात पडे. यजमान मंडळ एक प्रश्न काढी आणि पाहुण्या मंडळांनी त्याचे उत्तर म्हणून नाटक लिहून आणायचे. सगळा जीव त्या प्रश्नात असे. प्रश्न नाजूक निघाला की पुढे काय होई ते गेंटला कळले.

१५३९ साली ‘फोन्तेने’ने गेंटला मोठी स्पर्धा भरवली. एकोणीस मंडळे आली. नाटकांसाठी प्रश्न होता: मरणाऱ्या माणसाला सर्वांत मोठा आधार कशाचा? ल्यूथरच्या मतांनी सगळे वातावरण तापलेले होते आणि या प्रश्नाला नुसते ‘चर्चचा, संतांचा, पापक्षमेच्या पत्राचा’ असे उत्तर फार थोड्यांनी दिले. बहुतेक नाटकांत आधार ख्रिस्ताचा, त्याच्या कृपेचा होता, आणि मधली मंडळी गाळलेली होती. वेडगळ रेफ्रेनसाठी दिलेला प्रश्न होता: जगात सर्वांत जास्त मूर्खपणा कुठले लोक करतात? उत्तरांत भिक्षूंची बरीच भरती झाली. पहिले बक्षीस अँटवर्पच्या ‘व्हिओलीरेन’ला गेले. गेंटच्या योस लांब्रेख्तने ती नाटके छापली, लोकांनी ती वाचली, आणि सरकारने त्यांवर बंदी घातली. बावीस वर्षांनी अँटवर्पच्या दुसऱ्या एका उत्सवाबद्दल लिहिताना एका इंग्रज प्रतिनिधीने गेंटची आठवण काढली आहे. त्या नाटकांनी हजारो माणसांचे प्राण घेतले, कारण या देशात देवाचे वचन पहिल्यांदा तिथेच उघडे झाले, अशा आशयाचे त्याचे म्हणणे आहे. अतिशयोक्ती असेल. पण एका काव्यस्पर्धेबद्दल असे कुणी लिहिले, हीच मोठी गोष्ट.

हा इंग्रज म्हणजे रिचर्ड क्लाव. तो लंडनच्या टॉमस ग्रेशमचा अँटवर्पमधला माणूस. हाच ग्रेशम पुढे अँटवर्पच्या बाजाराचा नमुना घेऊन लंडनचे रॉयल एक्स्चेंज उभारणार होता. ३ ऑगस्ट १५६१ रोजी क्लावने रस्त्याच्या कडेला उभे राहून जे पाहिले ते त्याने दुसऱ्याच दिवशी लांबलचक पत्रात लिहून काढले. ब्राबांतमधली मंडळे अँटवर्पमध्ये मिरवणुकीने शिरत होती. ब्रसेल्सच्या ‘मारियाक्रान्स्के’ मंडळाचे एकट्याचे तीनशेहून अधिक घोडेस्वार. मागे देखाव्यांचे रथ, मशालींच्या गाड्या. पत्रात रंग, कापड, घोड्यांची संख्या सगळे टिपलेले आहे. क्लाव हिशेबनीस होता हे त्यातून लपत नाही. प्रवेशाचे पहिले बक्षीस ब्रसेल्सलाच मिळाले.

१५४१ साली डीस्ट गावी ‘व्हिओलीरेन’ जिंकले, म्हणून पुढचा, म्हणजे क्लावने पाहिलेला हाच, लांडयुवेल त्यांनी भरवायचा होता. मध्ये युद्धे आली, तंगी आली, आणि ती पाळी वीस वर्षांनी आली. आता परवानगी लागे ती स्पेनच्या राजाची सावत्र बहीण आणि प्रांतांची राज्यकर्ती मार्गारेट ऑफ पार्माची. गेंटचा अनुभव ताजा होता. मंडळाने चोवीस प्रश्नांची यादी पाठवली. त्यांतले तीनच निवडीसाठी मंजूर झाले: शहाणपण अनुभवाने येते की विद्येने? माणसाला कलेकडे सर्वांत जास्त काय ओढते? श्रीमंत कंजुषाला आणखी पैसा का हवा असतो? ‘व्हिओलीरेन’ने दुसरा प्रश्न उचलला, कारण त्यातून धर्माकडे जाण्याची वाट सर्वांत लांबची होती. प्रस्तावनेच्या खेळासाठी विषय होता प्रामाणिक व्यापारी समाजाला किती उपयोगी पडतो. यजमान अँटवर्प होते, तेव्हा याचे उत्तर आधीच ठरलेले.

ग्रोट मार्क्टच्या चौकात मंच उभा राहिला. नाटके, रेफ्रेन, चर्चला जाताना सर्वांत थाटात कोण गेले त्याचे बक्षीस, विदूषकांचा दिवस, असे आठवडे गेले. मुख्य स्पर्धेमागून लहान गावांसाठी ‘हागस्पेल’ झाले. त्याचा प्रश्न मला जास्त आवडतो: सर्वांत उपयोगी आणि सर्वांत प्रामाणिक असूनही सर्वांत कमी मान मिळतो असा धंदा कोणता? सगळ्यांचे उत्तर शेती. त्या वेळच्या युरोपातल्या सर्वांत श्रीमंत बंदरात, व्यापाऱ्यांच्या खर्चाने भरलेल्या उत्सवात, हे बोलले गेले. पुढच्या वर्षी विलेम सिल्व्हियसने सगळी नाटके सचित्र छापली. आज अभ्यासकांना त्या उत्सवाबद्दल इतके बारीक माहीत आहे ते या छापील ग्रंथामुळे. कार्यक्रम झाला की त्याचा अहवाल लगेच छापावा, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे.

त्या वेळचा ‘व्हिओलीरेन’चा प्रमुख आंटोन व्हान स्ट्रालेन हा शहराचा बर्गोमास्टर होता. स्पेनचा राजा फिलिप दुसरा याचा सेनापती आल्बाचा ड्यूक १५६७ साली फौज घेऊन उतरला आणि त्याने धरपकड सुरू केली. व्हान स्ट्रालेन पकडला गेला. त्याचा छळ झाला, आणि २४ सप्टेंबर १५६८ रोजी व्हिल्व्होर्डे येथे त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्यावरचे आरोप राजकीय होते, कवितेचे नव्हे, हे खरे. पण त्याआधी, १५५८ साली, अँटवर्पचाच मुद्रक आणि रेडेरैकर फ्रान्स फ्राट सत्ताधाऱ्यांना न आवडणारे भविष्य छापल्याबद्दल मारला गेला होता. १५६० सालच्या फर्मानाने धर्मावर बोलणारी नाटके आणि गाणी आधीच बंद झाली होती. एका पिढीपूर्वी शहराचे भूषण असलेली मंडळे आता संशयाच्या यादीत होती. काहींनी कुलूप लावले, काही मिरवणुकीपुरती उरली.

१५८५ साली स्पेनच्या फौजांनी अँटवर्प घेतले. प्रोटेस्टंट रहिवाशांना मालमत्ता विकून निघून जायला मुदत दिली गेली आणि काही वर्षांत शहराची लोकसंख्या निम्म्यावर आली. गेलेल्यांपैकी बरेच उत्तरेला, हॉलंडमध्ये गेले. व्यापार बरोबर नेला, कारागिरी नेली आणि मंडळेही नेली. हार्लेम आणि लायडेन शहरांत फ्लेमिश स्थलांतरितांची वेगळी कविमंडळे निघाली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये ब्राबांतहून आलेल्यांनी ‘व्हिट लाव्हेंडेल’, पांढरी लव्हेंडर, हे मंडळ काढले. परदेशी गेलेल्या मराठी माणसाने दुसऱ्याच वर्षी महाराष्ट्र मंडळ काढावे तसे हे, आणि तिथल्या जुन्या मंडळाला ते खटकणार हेही तितकेच ठरलेले.

जुने मंडळ म्हणजे ‘एग्लंटीर’, रानगुलाब. ब्रीदवाक्य: प्रेमात बहरणारे. सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशापासून ते अ‍ॅमस्टरडॅममध्ये होते, आणि त्याची खोली नेस नावाच्या गल्लीत, छोट्या मटणबाजाराच्या वरच्या मजल्यावर. खाली सुऱ्या चालत, वर यमके. या खोलीत जे जमले ते मात्र साधे नव्हते. हेन्ड्रिक स्पीगेल धान्याचा व्यापारी. रोमर व्हिसखर धान्याचा आणि विम्याचा व्यापारी. त्याच्या मुलीचे नाव टेसलसखाडे, कारण तिच्या जन्माच्या सुमारास टेसल बेटाजवळ वादळात जहाजे बुडून त्याचे नुकसान झाले होते. ही मुलगी पुढे नामवंत कवयित्री झाली. आना बैन्सपासून तोपर्यंत शतक उलटले होते, तरी मंडळाच्या सभासदांच्या यादीत तिला जागा नव्हती. शहर १५७८ साली प्रोटेस्टंट झाले, पण स्पीगेल आणि व्हिसखर कॅथलिकच राहिले, आणि तरीही मंडळात मानाने बसत. मंडळात धर्माचा वाद शक्यतो टाळायचा, हे त्यांनी ठरवून घेतले होते. दक्षिणेचा अनुभव पाहता हा मोठा शहाणपणा.

स्पीगेल आणि त्याच्या सोबत्यांनी कवितेपेक्षा भाषेकडे लक्ष दिले. १५८४ साली मंडळाने ‘ट्वे-स्प्राक’, म्हणजे दोघांचे संभाषण, हे पुस्तक काढले. लायडेनला नुकत्याच आलेल्या क्रिस्टोफर प्लान्टाइनच्या छापखान्यात ते छापले गेले आणि डच भाषेचे पहिले छापील व्याकरण ठरले. दोन मित्र बोलत बोलत शुद्धलेखन, उच्चार, शब्दांची रूपे आणि फ्रेंच-लॅटिनमधून आलेल्या शब्दांची हकालपट्टी यांवर चर्चा करतात. प्रस्तावना विचारवंत लेखक डिर्क कोर्नहेर्तची. त्यापुढे तर्कशास्त्र आणि अलंकारशास्त्र यांवरही मंडळाने पुस्तके काढली. लायडेनच्या नव्या विद्यापीठात डच भाषेतून शिकवावे असा आग्रहही धरला. विद्यापीठाने तो मानला नाही. लॅटिनचा दिमाख पुढेही टिकला. मातृभाषेतून उच्च शिक्षणाची मागणी कवींच्या संस्थेकडून आली आणि विद्यापीठाने दुर्लक्ष केले, हे वाचून मराठी वाचकाला फार नवे वाटणार नाही.

मग भांडणे. भांडणाशिवाय साहित्यसंस्थेचा इतिहास अपुराच राहील. ‘एग्लंटीर’मध्ये १६१०नंतर दोन गट पडले. एकीकडे पीटर होफ्त, गेर्ब्रांड ब्रेडेरो आणि डॉक्टर सामुएल कोस्टर. होफ्तने तरुणपणी, १६०० साली, फ्लॉरेन्सहून मंडळाला पद्यात पत्र पाठवले होते. ब्रेडेरो चित्रकला शिकलेला, चांभाराचा मुलगा, अ‍ॅमस्टरडॅमच्या रस्त्यावरची भाषा नाटकात आणणारा. दुसरीकडे तेओडोर रोडेनबुर्ख, स्पॅनिश नाटकांच्या धर्तीवर प्रेमकथा लिहिणारा. नाटक कसे असावे, मंडळ कोणी चालवावे, पैसे कुठे गेले, असे सगळे विषय होते. शेवटी कोस्टरने १६१७ साली जमीन घेऊन कायझर्सग्राख्तच्या कालव्यावर लाकडी इमारत बांधली आणि आपली ‘नेदरडाइत्से आकाडेमी’ काढली. चिन्ह मधाचे पोळे. तिथे नाटके तर व्हायचीच, शिवाय गणित आणि हिब्रू भाषा सामान्यांना डच भाषेतून शिकवायची होती. कॅल्व्हिनवादी धर्मोपदेशकांनी ओरड केली आणि वर्ग बंद पडले. ब्रेडेरो १६१८ साली तेहतिसाव्या वर्षी वारला. त्याच सुमारास देशाचे राजकारण धर्मनिष्ठांच्या बाजूला झुकले आणि कोस्टरचा उत्साह आटला.

आणि इथे शहराने मधे हात घातला. कोस्टरची अकादमी १६२२ साली नागरिकांच्या अनाथालयाला विकली गेली. अकादमीच्या उत्पन्नाचा वाटा या अनाथालयाकडे पहिल्यापासून जात होता, आणि ‘एग्लंटीर’च्या प्रयोगांचा नफा वृद्धांच्या आश्रमाला. म्हणजे अ‍ॅमस्टरडॅममध्ये नाटक पाहणे हे एका अर्थाने दान होते, आणि धर्मोपदेशकांनी नाटकाविरुद्ध कितीही आवाज केला तरी कारभाऱ्यांना ते बंद करणे परवडणारे नव्हते, कारण मग मुलांच्या जेवणाचा खर्च कुठून काढायचा? ‘व्हिट लाव्हेंडेल’ १६३० साली अकादमीत मिसळले. दोन वर्षांनी शहराने ‘एग्लंटीर’लाही तिथेच ढकलले. इतक्या वर्षांची चुरस एका ठरावाने मिटली.

जुनी लाकडी इमारत पाडून त्याच जागेवर दगडी नाट्यगृह बांधायला अनाथालयाने पैसे दिले. आराखडा याकोब व्हान कांपेनचा. हेच ‘स्खाउबुर्ख’. १६३७ साली बांधून पुरे झाले. याच वर्षाच्या सुमारास डच ईस्ट इंडिया कंपनीची माणसे आपल्या वेंगुर्ल्यात वखार थाटत होती. पहिला प्रयोग योस्ट व्हान डेन व्होंडेलच्या ‘गैसब्रेख्त व्हान आमस्टेल’चा. व्होंडेल होजिअरी विकणारा दुकानदार. त्याचे आईवडील अँटवर्पहून परागंदा झालेले, आणि त्याची सुरुवातही ‘व्हिट लाव्हेंडेल’मध्येच झालेली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी होणारा प्रयोग चर्चच्या कौन्सिलने अडवला. नाटकात कॅथलिक विधी दिसतात, अशी तक्रार. कारभाऱ्यांनी ती तक्रार बाजूला सारली आणि ३ जानेवारी १६३८ रोजी पडदा उघडला. नफ्यातले दोन भाग अनाथालयाला, एक भाग वृद्धांच्या आश्रमाला. हे नाटक नववर्षाच्या दिवसांत दर वर्षी करण्याची प्रथा अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९६८पर्यंत टिकली.

हार्लेमलाही असाच मार्ग सापडला होता. तिथल्या ‘ट्राउ मूट ब्लैकेन’ या मंडळाने १६०६ साली स्पर्धा भरवली ती वृद्धांच्या आश्रमासाठी काढलेल्या लॉटरीला गर्दी व्हावी म्हणून. पाहुण्या मंडळांना दानधर्मावरच नाटके करायला सांगितले होते. आश्रम उभा राहिला. त्याच इमारतीत आज फ्रान्स हाल्स संग्रहालय आहे. स्वतः हाल्सही काही वर्षे हार्लेमच्या दुसऱ्या मंडळात, ‘वैनगार्टरांकेन’मध्ये, स्नेही सभासद होता. कविता तो लिहीत होता असे कुठे दिसत नाही. मंडळाच्या मेजवानीत मात्र तो शोभला असेल; त्याची चित्रे पाहणाऱ्याला ते मान्य होईल.

सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरांतला मानमरातब संपला. नवे लेखक फ्रेंच नियमांनुसार लिहू लागले. रेडेरैकर म्हटले की लोकांना मद्याचे प्याले रिकामे करणारी हौशी टोळी आठवू लागली. यान स्टेनने खिडकीत गर्दी करून कविता वाचणारे रेडेरैकर रंगवले आहेत. एक वाचतो, एक ऐकतो, एक पिऊन पेंगतो. ती टिंगल खूप जिव्हाळ्याची आहे. खेड्यांत मंडळे पुढेही चालली, फ्लँडर्समध्ये तर अठराव्या शतकभर जोरात. फ्रेंच राज्यात त्यांना बंदी आली, एकोणिसाव्या शतकात फ्लेमिश भाषाप्रेमींनी त्यांतली काही पुन्हा उभी केली. त्यांतली बरीचशी हौशी नाट्यमंडळे झाली. या दीड-दोनशे वर्षांबद्दल सांगण्यासारखे फार नाही. संस्था टिकून राहिली, एवढेच.

गेंटची ‘फोन्तेने’ १९४३ साली पुन्हा कामाला लागली, या वेळी विद्वत्संस्था म्हणून. तिच्या वार्षिकांतून रेडेरैकरांवर जेवढे संशोधन आले तेवढे दुसरीकडून क्वचितच आले असेल. हार्लेमचे ‘ट्राउ मूट ब्लैकेन’ १५०३पासून आजवर चालू आहे. तिथल्या संग्रहात सोळाव्या शतकातल्या नाटकांची जाड हस्तलिखिते जपून राहिली, कारण नव्या प्रयोगाच्या वेळी जुने नाटक हाती असावे लागे. १९९२ ते १९९८ या काळात ती आठ खंडांत छापली गेली. त्यांतल्या कित्येक नाटकांवर लेखकाचे नाव नाही. मंडळाचे नाव आणि ब्रीदवाक्य मात्र आहे.